स्कोन आणि मामांचा उपास

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त तसं फुटकळच आहे, एक व्हॉट्सॅप मेसेज.

परवा रविवारी पुण्याहून मावसबहिणीचा निरोप आला. गेल्या वर्षी ती इकडे आली होती तेव्हा माझ्या हातचे स्कोन तिने आवडीने खाल्ले होते, संत्र्याच्या लिक्युअरमध्ये भिजवलेले बेदाणे घातलेले. आता तिच्याकडे पंधरा-वीस माणसं चहाला येणार आहेत आणि तिला तेच करायचेत. प्रमाण विचारलं, ओव्हनचं तापमान विचारलं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ : "भाजताना दारू सगळी उडूनच जाते ना गं? मग मी कुणाला सांगत बसत नाही."

मी पटकन "हो गं, उडून जाते" असं लिहिलं. आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

का पुसलं, हे तिला मेसेजमध्ये सांगणं जमलं नसतं, म्हणून इथे लिहितेय. नमनाला थोडं तेल जाईल, पण आमच्या घरची निम्मी मंडळी हे वाचतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी स्कोन पाहिलेलाही नाही, तेव्हा आधी स्कोनबद्दल.

स्कोन म्हणजे केक नव्हे आणि बिस्किटही नव्हे. खारी, नानकटाई, पाव यांपैकी कशातच तो बसत नाही. बाहेरून जरासा खुसखुशीत, आतून मऊ, फार गोड नाही. मधोमध आपोआप एक चीर पडते, तिथून हाताने उघडायचा, जॅम आणि घट्ट साय लावायची आणि चहाबरोबर खायचा. आधी साय की आधी जॅम यावरून इथे दोन परगण्यांत वाद आहे. डेव्हनवाले आधी साय लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. उच्चारावरूनही तसंच. मी राहते त्या लीड्समध्ये, आणि वर स्कॉटलंडमध्ये, बहुतेक लोक 'स्कॉन' म्हणतात. दक्षिणेकडे 'स्कोन' जास्त ऐकू येतं. आणि स्कॉटलंडमध्ये त्याच स्पेलिंगचं एक गाव आहे, त्याचा उच्चार 'स्कून'! मी आपली मराठी माणसाला वाचायला सोपा म्हणून 'स्कोन' लिहितेय. शेजारच्या आजींनी माफ करावं :)

मूळचा पदार्थ स्कॉटलंडचा. पूर्वी तो तव्यासारख्या जाड लोखंडी पत्र्यावर भाजत, म्हणजे आपल्या भाकरीचा लांबचा भाऊच म्हणायचा. तो ओव्हनमध्ये गेला, फुगला, त्याचं आजचं रूप झालं ते बेकिंग पावडर आल्यावर. त्या बेकिंग पावडरची गोष्ट मला फार आवडते, पण ती पुढे सांगते. इथे लागणार नाही, तिथे लागेल.

करायला एकदम सोपा. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लार, म्हणजे ज्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते तो मैदा. वर आणखी एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. त्यात ५० ग्रॅम थंडगार बटर बोटांच्या टोकांनी चोळायचं. आपण शंकरपाळ्याला मोहन चोळतो तसं, फक्त इथे बटर गरम करायचं नाही. उलट जितकं गार तितकं चांगलं. रव्यासारखं दिसायला लागलं की २५ ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम भिजवलेले बेदाणे, आणि लागेल तसं दूध, साधारण सव्वाशे मिली. पण भिजवलेल्या फळांचा रस असतो म्हणून दूध एकदम ओतू नये. आणि मळायचं नाही! पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर स्कोनचे दगड होतात (माझे पहिले चार घाणे दगडच होते). गोळा कसाबसा एकत्र आला की हाताने थापून इंचभर जाड ठेवायचा आणि पाच सेंटिमीटरच्या धारदार कडेच्या वाटीने सरळ खाली दाबून कापायचा. वाटी फिरवायची नाही, फिरवली तर कडा चिकटतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. २२० अंशाला बारा ते पंधरा मिनिटं. आठ स्कोन होतात.

आता लिक्युअर. बेदाणे आदल्या रात्री तीन मोठे चमचे, म्हणजे ४५ मिली, क्वांत्रोमध्ये भिजवायचे. कडू आणि गोड संत्र्यांच्या सालींपासून करतात ती फ्रेंच लिक्युअर. सकाळपर्यंत बेदाणे टम्म फुगतात आणि बरणीचं झाकण काढलं की स्वयंपाकघरभर संत्र्याचा वास.

हे मी मुद्दाम नीट सांगतेय, कारण मला पुढे जे म्हणायचंय त्यावरून कुणाचा गैरसमज व्हायला नको. मी लिक्युअरच्या विरोधात नाही. घरात संत्रं असताना बाटली कशाला, असं आईने एकदा विचारलं होतं. उत्तर असं, की कित्येक सुगंध पाण्यापेक्षा अल्कोहोलमध्ये जास्त चांगले उतरतात. म्हणून तर अत्तरवाले आणि औषधवाले ते वापरत आले. ज्याला आपण बिनधास्त व्हॅनिला म्हणतो, त्याच्या अस्सल अर्कातही अल्कोहोल असतं. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तर निदान ३५ टक्के असावंच लागतं. आणि पुण्या-मुंबईत, गोव्यात नाताळच्या केकसाठी सुकामेवा महिना महिना रममध्ये मुरत असतो, तो आपण सगळ्यांनी खाल्लेला आहे. तेव्हा "शी, दारू!" असं नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका. संत्र्याचा रस घालून केलेले स्कोन चांगले होतात, क्वांत्रो घालून केलेले जास्त चांगले होतात. हे मला मान्यच आहे.

मग गडबड कुठे आहे? गडबड त्या "कुणाला सांगत बसत नाही" मध्ये आहे.

आता मामांची गोष्ट. ती मी त्यांना विचारून लिहितेय. त्यांनी सांगितलंय, "नाव नको, बाकी सगळं लिही."

२०१३ च्या उन्हाळ्यात मामा-मामी तीन आठवडे आमच्याकडे आले होते. मामांचं पिणं हा आमच्या घरात वर्षानुवर्षं न बोलता बोलायचा विषय होता. "मामांची तब्येत बरी नाही" म्हटलं की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची आणि आम्हा मुलांना बाहेर खेळायला पाठवायची. २००६ मध्ये ते पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आले आणि त्यानंतर त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. सात वर्षं झाली होती. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

त्या रविवारी मी स्कोन केले. नेहमीचे, क्वांत्रोवाले. मनात विचार आला नव्हता असंही नाही. आला, आणि मी त्याला उत्तर दिलं : एवढंसं तर आहे, आणि भाजताना उडूनच जातं.

मामांना पहिला स्कोन फार आवडला. दुसरा त्यांनी गरम गरम उघडला आणि तोंडाजवळ नेऊन थांबले. वास घेतला. मला विचारलं, "यात काय घातलंयस गं?"

मी म्हटलं, "काही नाही मामा, संत्र्याचा अर्क."

तो तुकडा त्यांनी बशीत ठेवला, चहा संपवला आणि "जरा बाहेर फिरून येतो" म्हणून बागेत गेले. मामी कप विसळायला आत आल्या. टोस्टरच्या मागे बाटली उभी होती. त्यांनी ती पाहिली. मला एक शब्द बोलल्या नाहीत, नुसती बाटली उचलून खालच्या कपाटात, तेलाच्या डब्यामागे ठेवली. इतक्या सराईतपणे, की बघून माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांनी हे किती वेळा केलं असेल!

रात्री मीच विषय काढला. मामा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मी माझं पालुपद लावलं, "पण मामा, भाजताना सगळी उडून जाते." ते हसले. म्हणाले, "अगं, एवढ्याशाने काय होतंय, हे वाक्य मी जेवढं ऐकलंय तेवढं दुसरं कुठलंच ऐकलेलं नाही. लग्नात, पार्टीत, धुळवडीला. म्हणणारे सगळे प्रेमानेच म्हणायचे." आणि मग जरा वेळाने, "मला चालेल की नाही हे तू ठरवलंस. ते मी ठरवायचं असतं. मी रोज सकाळी उठून तेवढं एकच तर ठरवतो."

त्यांना पुढे काही झालं नाही. पण उरलेले सगळे दिवस मामी माझ्याकडे काहीही खाताना आधी मामांच्या ताटाकडे बघायच्या. ते माझ्यामुळे.

ते दोघं परत गेल्यावर मी पहिल्यांदा नीट शोधलं, की खरंच किती उडून जातं. आणि कळलं की "सगळं उडून जातं" हे स्वयंपाकघरातलं एक छान, सोयीस्कर खोटं आहे.

अमेरिकेच्या शेती खात्याने यासाठी एक तक्ता केलेला आहे. पदार्थात मिसळलेलं अल्कोहोल पंधरा मिनिटं भाजल्यावर साधारण ४० टक्के शिल्लक राहतं. अर्ध्या तासाने ३५ टक्के. एक तासाने २५. अडीच तास शिजवलंत तरी ५ टक्के उरतंच. आणि हॉटेलात ज्वाळा दाखवून पेटवतात त्या पदार्थात तर ७५ टक्के तसंच असतं. कारण साधं आहे. अल्कोहोल ७८ अंशाला उकळतं हे खरं, पण ते पाण्यात मिसळलेलं असतं आणि पाणी त्याला सहजासहजी सोडत नाही. वर आपण ते बेदाण्यात मुरवलेलं, बेदाणा पिठात गुंडाळलेला, आणि ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं. जाईल कुठून?

माझ्या स्कोनचा हिशेब मांडला तो असा. ४५ मिली क्वांत्रो, त्यात ४० टक्के अल्कोहोल, म्हणजे १८ मिली. त्यातलं ४० टक्के उरलं असं धरलं तर सात मिलीच्या आसपास. आठ स्कोनमध्ये वाटलं तर प्रत्येकी एक मिलीहून कमी. ब्रिटनमध्ये दारूचं 'एक युनिट' म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल, तेव्हा एका स्कोनमध्ये त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. याने कुणालाही चढणार नाही. यीस्टच्या पावात आणि फार पिकलेल्या केळ्यातही अल्कोहोलचा अंश असतो.

हा आकडा मी लपवत नाही, कारण माझ्या विरुद्ध बोलणारे सगळे इथेच बोट ठेवतात. एवढंसंच आहे ना? मग सांगून कशाला लोकांना बिचकवायचं?

माझं म्हणणं असं आहे, की प्रश्न चढण्याचा नाहीच.

दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती घेणाऱ्याच्या शरीरात अल्कोहोलचं पचन अर्ध्यावर अडतं आणि मधला विषारी पदार्थ साचत जातो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, कधी रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून डॉक्टर अशा माणसांना सांगतात, की खाण्यात, खोकल्याच्या औषधात, सॉसमध्ये, कशातही अल्कोहोल नाही ना ते बघून घ्या. मामा त्या वेळी गोळी घेत नव्हते. पण मी त्यांना विचारलं कुठे होतं? घेत असते तर? आणि जो गोळी घेतो तो चहाच्या टेबलावर दहा लोकांत उठून ते सांगेल, ही अपेक्षा आपण कशी करतो?

दुसरं, वास. सोडलेल्या माणसाला मात्रा मोजायची गरज पडत नाही. नुसता वास पुरतो.

तिसरं म्हणजे ज्यांचा धर्म नाही म्हणतो, ज्या गरोदर आहेत, ज्यांना नुसतं नको आहे. ऑफिसात एकदा बेक सेल होता, तेव्हा मी डब्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, "यात लिक्युअर आहे". एक मुसलमान सहकारी वाचून थांबली, मला म्हणाली, "लिहिलंस, बरं केलंस", आणि शेजारच्या डब्यातले साधे स्कोन घेऊन गेली. एवढंच. तिचा दिवस बिघडला नाही, माझे स्कोनही दुपारपर्यंत संपले. सांगितल्याने मजा जाते म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

इथला कायदाही यात मदत करत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये दुकानातच बनवून पाकिटबंद विकलेल्या सँडविच-केकवरही सगळे घटक छापावे लागतात आणि ॲलर्जीचे १४ पदार्थ ठळक करावे लागतात. दूध, अंडं, तीळ, मोहरीसुद्धा त्यात आहे. अल्कोहोल त्या चौदात नाही. आणि घरच्या चहाला तर कुठलाच कायदा नाही. तिथे यजमानाचा शब्द, बस.

आणि खरं सांगू? आपल्याला हे शिकवायलाच नको होतं. मराठी घरात एकादशीला काय चालतं बघा. पाहुणा आला की पहिला प्रश्न, "आज उपास आहे का?" मग त्याच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा डाव. कुणाला जिरं चालतं, कुणाला कोथिंबीर चालत नाही, हे आजीच्या तोंडपाठ असायचं. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्याला "एका पाकळीने काय होतंय" म्हणून चोरून लसूण घालणारी बाई मी आजवर पाहिली नाही. एका दिवसाचा उपासही आपण मोडू देत नाही, आणि तिथे मात्रा कुणी मोजत नाही. मग ज्या माणसाचा सात वर्षांचा उपास चालू आहे आणि ज्याचं पारणं कधीच यायचं नाही, त्याच्या ताटात मी न सांगता घातलंच कसं?

आता ती बेकिंग पावडरची गोष्ट. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधवाला होता. त्याच्या बायकोला अंडं चालायचं नाही आणि यीस्टही चालायचं नाही. म्हणून त्याने १८३७ मध्ये अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय फुगवणारी बेकिंग पावडर. म्हणजे आजचा हा फुगलेला स्कोन ज्या पावडरवर उभा आहे, ती घरातल्या एका माणसाला काय चालत नाही याची दखल घेतल्यामुळे जन्माला आली. त्यालाही म्हणता आलंच असतं, की एवढ्याशा यीस्टने काय होतंय!

माझा आताचा रिवाज सांगते. पटला तर घ्या.

मी दोन घाणे करते. एक क्वांत्रोचा. दुसऱ्याचे बेदाणे कडक काळ्या चहात रात्रभर भिजवते, वर एका संत्र्याची किसलेली साल. ही माझी अक्कल नाही, वेल्समध्ये आणि आमच्या यॉर्कशरमध्ये चहात भिजवलेल्या मनुकांचा केक फार जुना आहे. दोन्हींत उन्नीस-बीसचा फरक पडतो, आणि तो उन्नीसवाला घाणा बहुतेक वेळा आधी संपतो. डबे वेगळे, चिमटे वेगळे. आणि कुणाचा हात पुढे यायच्या आधी मोठ्याने, सगळ्यांना एकदम सांगायचं, "या डब्यात लिक्युअर आहे, त्यात नाही." एकट्यालाच बाजूला घेऊन हळूच सांगायचं नाही, त्याने तो माणूस उघडा पडतो. कुणी साधा घेतला तर "का रे?" असं विचारायचं नाही. बस.

मामा-मामी २०१८ मध्ये परत आले होते. मामांनी टेबलावर दोन डबे बघितले, माझ्याकडे बघितलं आणि चहावाले तीन खाल्ले. मामींनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं नाही. मला तेवढंच हवं होतं.

तर बहिणीला मी हे सगळं थोडक्यात लिहून पाठवलं. थोडक्यात म्हणजे मोबाईलचे चार पडदे भरतील इतकं. तिचं उत्तर आलं, "बाई गं! हो की नाही एवढंच विचारलं होतं." आणि खाली डोक्याला हात लावलेलं चित्र.

संध्याकाळी परत एक मेसेज. "चहात भिजवायचे तर साखर घालायची का?"

नाही घालायची. बेदाणे गोड असतात.